तीस वेळा लाईट, बावीस वेळा सलाईन

देवगड तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मांचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, पॅनकार्ड, जे म्हणाल ते. जोडीला वडिलांनी लावलेली चाळीस हापूसची कलमं. वीस वर्षं लोकांच्या फायली लावून दिल्या आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका फाईलवर माझंच नाव आलं. फुप्फुसाचा कॅन्सर, स्टेज तीन-बी.

आधी रेडिएशन आणि केमो, मग वर्षभर इम्युनोथेरपी, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, असा माझा उपचार झाला. तो चालू असताना मराठीत यावर काही वाचायला मिळेल म्हणून खूप शोधलं. जे मिळालं ते एकतर घाबरवणारं होतं, नाहीतर गोमूत्राकडे नेणारं. तारखा वहीत टिपायची सवय दुकानामुळे आहेच, ती वही समोर ठेवून लिहितोय. मी डॉक्टर नाही. तुमचा आजार माझ्यासारखाच असेल असंही नाही.

खोकला सुरू झाला २०२३ च्या डिसेंबरात, मोहोरावर फवारणी चालू असताना. घरातल्या सगळ्यांनी, मीसुद्धा, औषधाच्या वासावर खापर फोडलं. पंचवीस वर्षं रोज सात-आठ सिगारेटी ओढत होतो, त्याबद्दल कोणीच बोललं नाही. जानेवारीत थुंकीत रक्ताची बारीक रेघ दिसली. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निगेटिव्ह. एक्स-रेत मात्र डाग. एका डॉक्टरांनी तरीही टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि मी तीन आठवडे त्या मुकाट्याने घेतल्या. आपल्याकडे छातीतला डाग म्हणजे आधी टीबीच. पण थुंकी निगेटिव्ह असताना गोळ्या लिहून दिल्या तर सीटी स्कॅन कधी करायचा हे त्याच बैठकीत विचारा. मी विचारलं नाही.

१२ फेब्रुवारीला सीटी झाला, २१ ला कोल्हापुरात बायॉप्सी. सुई पाठीतून घालतात, दुखतं त्यापेक्षा भीती जास्त वाटते. २७ ला रिपोर्ट आला. हिने तो माझ्या हातातून घेतला, वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. बसस्टँडवर आम्ही चहा प्यालो. फोंड्यापर्यंत कोणी काही बोललं नाही.

पुढचे तीन आठवडे सगळ्यात वाईट गेले, कारण उपचार काहीच नाही आणि तपासण्याच तपासण्या. आजार अंगात कुठे पसरलाय ते बघणारा पेट स्कॅन, मेंदूचा एमआरआय, शिवाय बायॉप्सीच्या त्याच तुकड्यावर ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतले बदल आणि पीडी-एल१ नावाचं प्रथिन शोधणाऱ्या चाचण्या. शेवटच्या तिन्हींचे निकाल यायला पंधरवडा लागला. इतका उशीर का, म्हणून मी लॅबला रोज फोन करायचो. नंतर कळलं की त्या निकालांवरच पुढचं सगळं ठरतं. ईजीएफआर किंवा एएलकेमध्ये बदल सापडला तर त्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत, आणि अशा रुग्णांना इम्युनोचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. माझे दोन्ही निगेटिव्ह आले, पीडी-एल१ चाळीस टक्के. तेव्हा सांगायचं तर, हे निकाल यायच्या आत कोणी लाखोंची इम्युनो सुरू करू म्हणालं तर जरा थांबा.

याच काळात माझी धंद्यातली अब्रू गेली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन आणि केमो बसत होतं, माझं कार्ड केशरी. पण हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राने आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवलं आणि मान हलवली. आधारवर वडिलांचं कागदोपत्री नाव, रेशनकार्डावर गाव ज्या नावाने त्यांना हाक मारायचं ते. बारा वर्षं ते कार्ड माझ्या गल्ल्यात पडून होतं. दुसऱ्यांच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून देणारा मी, स्वतःचं कार्ड कधी उघडून वाचलं नव्हतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत हेलपाटे घालून दुरुस्तीला नऊ दिवस गेले. नंतर योजनेची मंजुरी दोन दिवसांत आली, तिला प्रीऑथ म्हणतात. घरात कोणी आजारी नसताना एकदा आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुकावरची नावं ताडून बघा. आमच्या दुकानात आलात तर मी फुकट बघून देतो.

मार्चच्या शेवटी रेडिएशनच्या मॅडमनी समोर बसवलं. "दादा, ऑपरेशन होणार नाही. मधल्या गाठी दुसऱ्या बाजूपर्यंत गेल्यात. पण बाहेर कुठे पसरलेलं नाही, म्हणजे आपण बरं करायच्याच हिशेबाने चाललोय." साठ ग्रे (हे किरणांचं माप) एवढा डोस, रोज दोन याप्रमाणे तीस दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. दर सोमवारी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिनची हलकी केमो. ते संपल्यावर स्कॅन, आणि आजार वाढलेला नसेल तर सहा आठवड्यांच्या आत ड्युर्व्हालुमॅब नावाची इम्युनोथेरपी, वर्षभर.

मी विचारलं, एवढं आहे तर दोन्ही एकदमच का देत नाही? मॅडम म्हणाल्या, तेही करून बघितलंय, रेडिएशनसोबतच सुरू करून जास्तीचा फायदा दिसला नाही. नंतर देण्याचा पुरावा मात्र पक्का आहे. पॅसिफिक नावाच्या अभ्यासात ७१३ रुग्ण होते, त्याचे पहिले निकाल २०१७ साली आले. पाच वर्षांनी औषध घेतलेल्यांतले शंभरातले साधारण ४३ जण हयात होते, न घेतलेल्यांतले ३३. शंभरातले दहा. मी आकडे बघत राहिलो. त्या दहांतला एक व्हायला किती खर्च येतो, एवढाच हिशेब तेव्हा डोक्यात चालू होता.

रेडिएशन आणि इम्युनो हे दोन उपचार एकमेकांना कशी मदत करतात ते मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. मला ते पटलं आमच्या बागेवरून. बागेत राखण्या ठेवलाय. वानर येतं, पण हे वानर बेरकी आहे, ते राखण्याच्या हातात काहीतरी कोंबतं आणि राखण्या तोंड फिरवून बसतो. राखण्या म्हणजे आपली प्रतिकारशक्ती, वानर म्हणजे कॅन्सर आणि ती लाच म्हणजे पीडी-एल१. रेडिएशन म्हणजे वानरावर फटका. काही मरतात, काही जखमी होतात, मागे केस, रक्त पडतं आणि राखण्याला माग लागतो. पण मार खाल्लेलं वानर लाचही वाढवतं. इथे ड्युर्व्हालुमॅब मध्ये येऊन तो लाच देणारा हात धरून ठेवतं. राखण्याचा असा दुबळेपणा काढून कॅन्सरवर इलाज करता येतो हे शोधल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. एक गोष्ट मॅडमनी शेवटी जोडली, जी मी ऐकली पण मनावर घेतली नाही: जागा झालेला राखण्या कधीकधी घरच्या माणसावरही काठी उगारतो.

कोल्हापुरात हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली, महिना साडेचार हजार. दुकान मुलीने सांभाळलं, बाग धाकट्या भावाने. रेडिएशनच्या आधी एक दिवस नुसती मापं घेण्यात जातो. हात डोक्यावर धरून एका गादीवर झोपवतात, गादीतली हवा ओढली की ती तुमच्या अंगाच्या आकारात कडक होते. श्वासाबरोबर गाठ किती हलते तेही स्कॅनमध्ये बघतात. छातीवर निळ्या शाईच्या फुल्या काढतात, वर पारदर्शक चिकटपट्टी. त्या फुल्या सहा आठवडे जपायच्या, साबण नाही, घासणं नाही. कोकणातल्या एप्रिलात घामाने काय झालं असतं कोण जाणे, कोल्हापूरची हवा कोरडी म्हणून टिकल्या.

८ एप्रिल, सोमवार, पहिली लाईट. वेटिंगमध्ये रेडिएशनला कोणी रेडिएशन म्हणत नाही, सगळे लाईटच म्हणतात. "किती लाईट झाल्या पाव्हणं?" ही तिथली रामराम. आत गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं, त्यातही प्रत्यक्ष किरण थोडाच वेळ. काही दिसत नाही, जाणवत नाही. मशीन घरघरत तुमच्याभोवती फिरतं आणि खांदे अवघडतात, बस. मी आत आकडे मोजायचो. नंतर आकड्यांऐवजी कलमं मोजायला लागलो, विहिरीजवळच्या पहिल्यापासून कुंपणाच्या शेवटच्यापर्यंत. चाळीसपर्यंत पोचलो की मशीन थांबायचं, जवळपास.

दुसऱ्याच दिवशी पाडव्याची सुट्टी. पुढे १ मे ची सुट्टी आणि ७ मे ला मतदानाची. ६ तारखेला लाईट घेऊन संध्याकाळच्या गाडीने गावी आलो. करूळ घाट कामासाठी जानेवारीपासूनच बंद होता, त्यामुळे सगळी रहदारी फोंडा घाटात आणि आमची गाडी ट्रकांच्या मागे. सकाळी मतदान केलं आणि दुपारी परत. रांगेत शेजारच्या काकींनी हळूच विचारलं, "पोरांका जवळ घेतलंस तर चलात मां रे?" त्यांच्या नातीला दिवस गेले होते, तिला त्यांनी आमच्याकडे यायला मना केलं होतं. बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात राहत नाही. मशीन बंद झालं की खोलीतही काही उरत नाही. पोरांना जवळ घ्या, गरोदर बाईशेजारी बसून जेवा, काही होत नाही. हे मी काकींना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि नात काही आली नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी घसा नाही, त्याच्या खाली, छातीच्या मधोमध गिळताना टोचायला लागलं. अन्ननलिका किरणांच्या वाटेत येते, ती आतून भाजते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पाण्याचा घोट गिळताना डोळे मिटायचो. आणि हा काळ कोणता, तर ऐन हापूसचा. भावाने दोन डझनांची पेटी पाठवली. खोलीत पेंढ्यातून वास सुटलेला, वरचे चार आंबे देठाशी पिवळे धमक. मी एक फोड तोंडात घातली आणि ती गिळताना असं काही पेटलं की उरलेला आंबा हिने धुण्याच्या दगडावर बसून, माझ्याकडे पाठ करून खाल्ला. बाकीची पेटी रेडिएशनच्या टेक्निशियन पोरांना दिली. त्या सीझनला मी खाल्लेला आंबा तेवढाच.

उपाय होते ते असे. जेवणाआधी दहा मिनिटं बधिर करणारं पातळ औषध, सुक्राल्फेटचं सिरप, आणि जेवण म्हणजे कोमट मऊ पेज, तूप, मऊ भात, उकडून कुस्करलेलं अंडं. आंबट, तिखट, गरम बंद, म्हणजे सोलकढी आणि माशाचं सार दोन्ही बंद. वजन ५९ वरून ५३ वर आलं. सातव्या-आठव्या दिवशीच आहारतज्ज्ञ बाईंना भेटलो असतो तर दोन किलो वाचले असते. गिळता येतंय तोवर आपण भेटत नाही. केस पाचव्या आठवड्यात उशीवर यायला लागले. सोमवारच्या केमोच्या रात्री झोप लागायची नाही, ते स्टेरॉइडच्या इंजेक्शनमुळे. पांढऱ्या पेशी एकदा घसरल्या आणि एक केमो हुकली. मॅडम म्हणाल्या, केमो हुकली तर चालेल, लाईट हुकवायची नाही. एकदा मशीन बिघडलं तर रात्री साडेदहापर्यंत बसवून ठेवलं आणि त्याच दिवशी दिली. तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, बरं केलं.

२२ मे ला तिसावी लाईट झाली. एका पोराने छातीवरची पट्टी काढली आणि म्हणाला, "जावा, आंघोळ करा जोरात."

इथून बेचाळीस दिवसांची मुदत. कागदावर सोपी वाटते. त्यात स्कॅन, त्याचा रिपोर्ट, पैशांची जुळवाजुळव आणि माझं अंग सावरणं हे सगळं बसवायचं होतं. आणि पहिले पंधरा दिवस तर मी नुसता झोपून होतो. लाईट संपल्यावर थकवा वाढतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

ड्युर्व्हालुमॅब योजनेत बसत नव्हतं. छापील किंमत बघून त्याच रात्री जमीन विकायला काढू नका, एवढं मात्र सांगतो. पहिली गोष्ट, हॉस्पिटलच्या फार्मसीत भाव छापील किमतीच्या बराच खाली येतो. दुसरी, डोस वजनावर असतो, किलोला दहा मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. माझे झाले ५३०, बाटल्या येतात ५०० आणि १२० च्या. छोटी बाटली फोडली असती तर बहुतेक औषध वाया. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले एवढा फरक चालतो, ५०० देऊ. विचारलं नसतं तर काय झालं असतं माहीत नाही, म्हणून विचारा. तिसरी, कंपन्यांच्या मदत योजना असतात, काही डोस विकत घेतले की पुढचे मोफत. अटी बदलत राहतात. हॉस्पिटलातल्या समन्वयकाकडे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, बायॉप्सी रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन दिलं. उत्तर नऊ दिवसांनी. माझ्या वाट्याला पहिले पाच विकत आले. मोफत बाटली मिळते तेव्हा आधीचा रिकामा खोका आणि बाटली परत द्यायची, बाजारात जाऊ नये म्हणून. एक खोका हिने नीटनेटकेपणाने कचऱ्यात टाकला होता, तो बादलीतून काढून पुसून नेला.

मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीलाही अर्ज केला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, खर्चाचं अंदाजपत्रक, खाजगी हॉस्पिटल असल्याने अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही. पैसे रुग्णाला मिळत नाहीत, थेट हॉस्पिटलच्या खात्यावर जातात. आधी भरून नंतर परत मिळतील असं धरून चालू नका. पहिल्या डोसचं बिल १ लाख ३८ हजार. सगळं मिळून, प्रवास, खोली, तपासण्या धरून खिशातून नऊ लाखांच्या आसपास गेले: हिचे दागिने बँकेत तारण, भावाचे दोन लाख, त्या सीझनचा आंबा, मुलीच्या नावची ठेव, आणि गावच्या मुंबईकर मंडळींनी जमवलेले साठ हजार, जे घेताना मान वर झाली नाही.

पहिलं सलाईन २८ जूनला. बेचाळिसातला सदतिसावा दिवस. केमोच्या मानाने हे म्हणजे काहीच नाही. सकाळी रक्त तपासणी, दुपारी तासभर सलाईन, संध्याकाळी एसटी. हिचं तिकीट निम्मं, कॅन्सरचं प्रमाणपत्र दाखवून माझंही सवलतीत. उलटी नाही, केस जात नाहीत. शेजारच्या खाटेवरचे राधानगरीचे गृहस्थ म्हणाले, "ह्यात खरंच औषध हाय न्हवं?"

२३ जुलैला दुकानात मोबाईलवर बजेट चालू होतं. निर्मला सीतारामन कॅन्सरच्या तीन औषधांवरची कस्टम ड्युटी काढल्याचं म्हणाल्या, आणि बातम्यांत त्या तिघांत ड्युर्व्हालुमॅबचं नाव आलं. दहा टक्क्यांवरून शून्य. गिऱ्हाइकाचा आधार स्कॅनरवर तसाच ठेवून मी घरात हाक मारली. सप्टेंबरात जीएसटीही १२ वरून ५ वर आणायचं ठरलं. फार्मसीवाला मात्र जुना स्टॉक संपेपर्यंत जुना भाव म्हणाला, आणि नवा भाव आला तोवर माझे विकतचे पाच संपले होते. असो, मागून येणाऱ्यांना मिळाला.

तिसरा डोस २६ जुलैला होता. पंचगंगा धोक्याच्या पातळीवर, राधानगरीचे दरवाजे उघडलेले, एसटी बंद. मी रडकुंडीला आलो. फोन केला तर उत्तर, आठवड्याने काही बिघडत नाही, पुरात येऊ नका. २ ऑगस्टला झाला.

आता ते, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

ऑगस्टच्या शेवटी कोरडा खोकला परत सुरू झाला. थोडासाच. ३० ऑगस्टच्या डोसआधी सिस्टरने नेहमीचे प्रश्न विचारले: खोकला, दम, जुलाब, अंगावर पुरळ? मी सगळ्याला नाही म्हटलं. ७ सप्टेंबरला चतुर्थी होती. वर्षभरात पहिल्यांदा घर भरणार होतं, भाऊ, वहिनी, मुंबईची सगळी. खोकला म्हटलं असतं तर ॲडमिट केलं असतं अशी मला खात्री होती. हिने दोनदा विचारलं, "तुमी डॉक्टराक खोकल्याचा सांगलास काय?" मी म्हटलं, सांगितलं, पावसाचा आहे म्हणाले. खोटं.

गणपतीत आरतीला उभा राहिलो की दुसऱ्या कडव्याला श्वास पुरायचा नाही. मी टाळ हातात घेऊन नुसते ओठ हलवायचो. १२ ला गौरी-गणपतीचं विसर्जन. व्हाळाकडून घरी यायला बावीस पायऱ्या आहेत. अकराव्या पायरीवर बसलो. सगळ्यांना वाटलं, देव गेला म्हणून मन भरून आलं. मुलीने कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर शोधून बोटाला लावला. ऑक्सिजन ९१, म्हणजे कमी.

१३ ला तसाही डोसचा दिवस होता. डोस बाजूलाच राहिला, सीटी झाला. रेडिएशन गेलं होतं त्या भागात आणि थोडं त्याच्या बाहेर, पावसात बसच्या काचेवर धुकं धरतं तसे पांढुरके पट्टे. न्युमोनायटिस, म्हणजे फुप्फुसाला सूज. लाईटमुळे ती साधारण एक ते सहा महिन्यांत येऊ शकते, इम्युनोमुळेही येते, माझ्यात नेमकी कोणामुळे ते सांगता येत नाही आणि उपचार दोन्हींचा एकच: स्टेरॉइड. राखण्याने घरच्यावर काठी उगारली होती. डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तीस तारखेला सांगितलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं." मला सहा दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले.

घरी सोडलं ते प्रेडनिसोलोन रोज ५० मिलिग्रॅमवर. मग दर दहा दिवसांनी दहा-दहा कमी. या गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात आणि घाईने कमीही करायच्या नसतात, सूज परत उलटते. साखर २६० झाली, तोंड सुजलं, आणि झोप अशी उडाली की पहाटे तीनला मी दुकानातल्या २०११ पासूनच्या पावत्या वर्षवार लावल्या. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आठवड्यातून तीनदा आणखी एक गोळी होती, ती विसरायची नाही.

सूज उतरली, स्टेरॉइड दहावर आलं, तेव्हा ८ नोव्हेंबरला, दिवाळी झाल्यावर, सहावं सलाईन लागलं. परत सुरू करायचं की नाही यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून बोलणं केलं. हिने विचारलेला प्रश्न माझ्या वहीत तसाच आहे: "आतापर्यंत घेतलं तेवढ्यावर थांबलो तर?" डॉक्टर म्हणाले तेही चुकीचं ठरणार नाही. सूज सौम्य झाली, फुप्फुस साफ दिसतंय, तर सुरू करून बघू आणि पुन्हा आली तर कायमचं बंद. आम्ही हो म्हटलं.

त्यानंतर मी एक कार्ड केलं. दुकानात बसून, मराठीत आणि इंग्रजीत: मी इम्युनोथेरपीवर आहे, औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, खोकला-दम-जुलाब-कावीळ-चक्कर काहीही असलं तरी आधी या नंबरवर फोन करा. लॅमिनेट करून तीन प्रती, एक खिशात, एक हिच्या पर्समध्ये, एक आमच्या गावच्या डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली. गावच्या डॉक्टरांना यातलं माहीत नसतं आणि त्यात त्यांचा दोष नाही. जुलाबाला ते जुलाबाचं औषध देणार. औषध थांबल्यावरही कित्येक महिन्यांनी असे त्रास उद्भवू शकतात, म्हणून कार्ड अजून खिशात आहे.

जानेवारीत सगळं गाव घामाघूम आणि मी स्वेटर घालून. आवाज जड, दिवसभर पेंग. थायरॉइडची टीएसएच चाचणी केली तर ६० च्या वर, म्हणजे फारच जास्त. थायरॉइड गेलं, राखण्याचीच करामत. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुधा जन्मभर. याला मात्र डोस थांबवावा लागला नाही, आणि ह्या खेपेला पहिल्या स्वेटरच्या दिवशीच मी फोन केला होता.

१४ मार्चला धुळवडीच्या दिवशी डोस होता, डे-केअरमध्ये आम्ही तिघेच. एप्रिल-मेमध्ये लाईटवाल्यांच्या रांगेवरून पुढे इम्युनोकडे जाताना कोणीतरी घोट गिळताना डोळे मिटलेला दिसायचा. सुक्राल्फेट घेताय ना, एवढं विचारायचो. २० जून २०२५ ला बाविसावं आणि शेवटचं सलाईन. जुलैचा स्कॅन: उजव्या बाजूला रेडिएशनचा व्रण, गाठ होती तिथे आकसलेला डाग, नवीन काही नाही. ऑक्टोबरचाही तसाच. पुढचा जानेवारीत. स्कॅनच्या आधीचा आठवडा घरात कोणी माझ्याशी सरळ बोलत नाही आणि मीही नाही.

या वर्षी आंबा खाल्ला, मेमध्ये, सतराच. मुलीने मोजले. चौथ्यापासून वजनाची काळजी लागली, कारण ५५ च्या वर गेलो तर १२० ची बाटली फोडावी लागते. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, खावा हो, तेवढं आम्ही बघून घेऊ.

आता नोव्हेंबर संपत आलाय, पहिला मोहोर दिसायला लागलाय. भाऊ फवारणीचा पंप दुरुस्त करतोय. मला बागेच्या गडग्याच्या बाहेर उभं राहायची परवानगी आहे, वाऱ्याची दिशा बघून.